केरिस नव्हे, केरिसच्या अडण्या: इंडोनेशियातले कोरीव लाकडी स्टँड

सातासमुद्रापार

आमच्या हॉलच्या कोपऱ्यात अडीच फूट उंचीचा एक लाकडी हनुमान उभा आहे. उजवा हात खांद्यापर्यंत उचललेला, मूठ वळलेली आणि मुठीतून आरपार भोक. घरी येणारा प्रत्येक जण त्या भोकाकडे बघून एकच प्रश्न विचारतो, "यात काय ठेवायचं असतं?" दोन मिनिटांत उरकेल असं उत्तर मला कधी जमलं नाही, म्हणून हा धागा.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नऊ वर्षं जकार्तात होतो. तिथे पहिल्यांदा केरिस पाहिला. मुठीपाशी एका बाजूला पसरट होणारा, कधी सरळ तर कधी नागमोडी पात्याचा खंजीर. त्या वळणांना लुक म्हणतात आणि ती नेहमी विषम संख्येत मोजतात. वेगवेगळ्या जातीचं लोखंड एकावर एक घडवून पात्यावर जी नक्षी उमटते ती पामोर. २००५ साली युनेस्कोने केरिसला मानवजातीच्या अमूर्त वारशात मान दिला. केरिसवर पुस्तकं आहेत, संग्रहालयं आहेत, जाणकारांच्या पिढ्या आहेत. मला बोलायचं आहे ते केरिस ज्याच्यावर ठेवतात त्या वस्तूबद्दल.

आपल्याकडे देवघरात शंख कधी नुसता जमिनीवर ठेवत नाहीत, त्याला अडणी लागते. केरिसचंही तसंच. 'स्टँड' म्हटलं की मोबाइलचा स्टँड आठवतो, म्हणून मी घरात सगळ्यांना अडणीच म्हणते.

माझ्याकडे आता सात अडण्या आहेत, तीन जातींच्या. पहिली जावातली प्लोंचोन. ही जमिनीवर किंवा मेजावर ठेवायची चौकट. वरच्या फळीत खाचा, खालच्या फळीत म्यानाची टोकं बसतील असे खळगे, दोन्ही अंगांना बहुतेक वेळा कोरलेले नाग. केरिस म्यानासकट, मूठ वर करून, शेजारीशेजारी उभे राहतात. दुसरी ब्लावोंग, म्हणजे भिंतीवरची कोरीव, रंगवलेली फळी. तिच्यावर केरिस अडकवतात. माझी ब्लावोंग जावाच्या किनाऱ्यावरच्या चिरेबोनची आहे, कडेने तिथले ते ओळखीचे मेगामेंदुंग ढग आणि मधोमध हत्तीवर बसलेला गणपती. तिसरी बालीची. तिथे लाकडी मूर्तीला तोगोग म्हणतात. राक्षस, माकड, बेडूक, पंखवाला सिंह, कोणीही असू शकतो, आणि त्याच्या मुठीतून म्यान खाली सोडायचं. म्यानाचा वरचा रुंद भाग मुठीवर टेकतो आणि केरिस लटकून राहतो. आमचा हनुमान या जातीचा.

खंजीर सोडून अडण्याच का, असं विचाराल. पहिलं कारण कायद्याचं. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात नऊ इंचांहून लांब पात्याची अशी हत्यारं येतात आणि केरिसचं पातं सहज त्याहून लांब असतं. परवान्याची ती खटपट मला करायची नव्हती. दुसरं कारण जास्त खरं आहे. जावात जुना केरिस म्हणजे पुसाका, घराण्याची ठेव. कित्येक केरिसना स्वतःचं नाव असतं, मानाने 'क्याई' लावून घेतात. तो विकत घेतानाही किंमत म्हणत नाहीत, 'मास काविन' म्हणतात, म्हणजे लग्नात वधूला द्यायचं ते. अशी वस्तू कुणाच्या घरातून उचलून आपल्या हॉलमध्ये लावायची, हे मला मानवलं नाही. अडणीचं तसं नसतं. घर मोडताना केरिस थोरल्या मुलाकडे जातो, अडणी बाजारात येते.

आणि मला तेच खुपतं. पातं घडवणाऱ्याला 'एम्पू' ही पदवी, त्यांच्या कथा शेकडो वर्षं सांगितल्या जातात. ज्याने फणसाच्या ओंडक्यातून हनुमानाच्या अंगठ्याचं नख कोरलं त्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. मी प्रत्येक अडणीमागे एक वही ठेवली आहे. कुठे मिळाली, कुणी विकली, त्याने काय सांगितलं, लाकूड कोणतं, मापं काय. तुमच्यापैकी कुणी जावा-बालीला राहिलं असेल, लाकडातलं कळत असेल, तर मला तुमचं ऐकायचं आहे.

उत्सुक_वाचक

फार छान लिहिलंय. किमती साधारण काय? आणि घ्यायच्या कुठे?

सातासमुद्रापार

माझी प्लोंचोन मध्य जावातल्या सोलो शहराच्या त्रिविंदू बाजारातली. विंदू म्हणजे आठ वर्षांचं चक्र. तिथले संस्थानिक मंगकुनेगारा सातवे यांच्या कारकिर्दीला तीन विंदू, म्हणजे चोवीस वर्षं झाली तेव्हा १९३९ साली हा बाजार वसला, म्हणून हे नाव. पितळी दिवे, बातिकचे ठसे, जुनी घड्याळं, आणि मधूनच एखादी अडणी. जकार्तात जालान सुराबाया आहे. तिथे नवं-जुनं सगळं एकत्र असतं, डोळे उघडे ठेवावे लागतात. ब्लावोंगला मी साडेचार लाख रुपिया दिले होते, तेव्हाचे साधारण सव्वादोन हजार रुपये. पण एका किमतीवरून दुसरीचा अंदाज बांधू नका.

पानसुपारी

धागा वाचताना सारखं पुण्याचं केळकर संग्रहालय आठवत होतं. शुक्रवार पेठेत लहानपणी आजोबा घेऊन जायचे. दिनकर केळकरांनी तलवारींच्या बरोबरीने अडकित्ते, दिवे, दौती, दारांच्या चौकटी जमवल्या. एकेका अडकित्त्यावर नाचणारी जोडी, पोपट, घोडेस्वार. सुपारी खाल्ली गेली, खाणारेही गेले, अडकित्ता घडवणाऱ्याचा हात मात्र काचेमागे राहिला. तुमची वही वाचून तेच वाटलं.

एक शंका. केरिस नसलेली अडणी अर्धवट दिसत नाही का?

सातासमुद्रापार

@पानसुपारी, सुरुवातीला दिसायची. म्हणून मी प्लोंचोनमध्ये एक पात्याविना रिकामं म्यान आणून ठेवलं होतं. मग काढून टाकलं. म्यान असलं की बघणाऱ्याची नजर सरळ म्यानाकडे जाते. ते काढल्यावर लोकांना नागाच्या मानेवरचे खवले दिसायला लागले. खालच्या ओळीतले खवले मोठे आणि उथळ आहेत, वर जाताना बारीक आणि खोल होत जातात. कोरणाऱ्याने पटाशी बदलली ती जागासुद्धा बोटाला कळते.

अडकित्त्यांची आठवण काढलीत, फार बरं वाटलं. तिथल्या दालनांतून फिरल्यामुळेच बहुधा मला त्रिविंदूत कोपऱ्यात पडलेली प्लोंचोन दिसली.

कोकणी_रंधा

आमचा तीन पिढ्यांचा सुतारकीचा धंदा, सावंतवाडीजवळ. लाकडांबद्दल थोडं सांगतो.

तिकडची बरीचशी झाडं आपलीच आहेत, नावं तेवढी वेगळी. जावाचं जाती म्हणजे साग. तिथल्या जेपारा गावचं कोरीवकाम प्रसिद्ध आहे ते मुख्यतः सागातलं. नांगका म्हणजे फणस. सोनोकेलिंग म्हणजे आपला शिसव, अगदी तीच जात. आणि बालीत हल्ली पर्यटकांसाठी ज्या मोठ्या मूर्ती कोरतात त्या पुष्कळदा सुआरच्या, म्हणजे मुंबईच्या रस्त्यांवर जो रेन ट्री आहे त्याच्या.

ओळखायचं असं. फणस ताजा कापला की हळदीसारखा पिवळा असतो, उजेडात राहून तपकिरी होत जातो. मूर्तीच्या बुडाशी, जिथे उजेड पोचत नाही तिथे, नखाने हलकं खरवडलं तर आत पिवळा दिसेल. सुआरचा गाभा गडद आणि बाहेरची साल-बाजू एकदम फिकट, एकाच मूर्तीत दोन रंग दिसतात. शिसव हातात घेतला की वजनावरूनच कळतो.

सुआरची एक अडचण आहे. घाईने, ओलं लाकूडच कोरून विकतात. तिकडच्या दमट हवेत ते गप्प बसतं. आपल्याकडे पुण्या-नगरच्या उन्हाळ्यात आणलं की गाभ्यापासून बाहेरपर्यंत तडा जातो, तो थांबवता येत नाही. जाणता कारागीर मोठी मूर्ती मागून किंवा बुडातून पोखरून ठेवतो, म्हणजे लाकडाला आवळायला जागा मिळते. घेताना मूर्ती उलटी करून बघा. बूड भरीव आणि मधोमध गाभ्याचा ठिपका दिसला तर सोडून द्या.

शिसवाचं आणखी एक. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवाची जवळजवळ सगळी जातकुळी साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. परदेशातून आणताना पावतीवर लाकडाचं नाव लिहून घेतलेलं बरं.

शिसवी

@कोकणी_रंधा, माझं सदस्यनाम आज पहिल्यांदा कामाला आलं. उत्तम प्रतिसाद.

मी एक फसगत सांगते. बालीला गेलो तेव्हा एका दुकानातून राक्षसाची अडणी घेतली. शंभर वर्षं जुनी म्हणून सांगितलं. अंगभर भुंग्याची भोकं, रंग उडालेला, मला खरंच वाटलं. घरी आणून भिंगाखाली बघितली तर भोकांच्या आत लाल रंग उतरलेला. म्हणजे भोकं आधी, रंग नंतर. किडकं लाकूड घेऊन त्यावर मूर्ती केली, रंगवली आणि मग घासून जुनी केली. फार वाईट वाटलं. पैशांपेक्षा जास्त त्या माणसाने डोळ्यांत बघून सांगितलं होतं, त्याचं.

जुना रंग कसा ओळखायचा?

सातासमुद्रापार

@शिसवी, असं माझंही एकदा झालं आहे, त्यामुळे पूर्ण समजू शकते. जुन्या बाली कामात तांबडा रंग बहुधा चीनहून येणाऱ्या हिंगुळाचा असायचा, त्याला तिथे किंचू म्हणतात. सोनेरी म्हणजे खरा वर्ख, प्रादा. या रंगांचे पापुद्रे ठिसूळ असतात, कडेला भाजलेल्या पापडासारखे उचललेले दिसतात. हल्लीचा अॅक्रिलिक रंग चिवट असतो. तो पापुद्रा न होता रबरासारखा ताणून निघतो. आणि झीज कुठे झाली आहे ते बघा. रोज हात लागतो तिथे, म्हणजे मुठीवर, डोक्यावर, तळाच्या पुढच्या कडेला झिजलेली असेल तर पटतं. गुडघ्याच्या मागे, जिथे कुणाचा हात जात नाही, तिथेही तेवढीच झीज असेल तर कुणीतरी सँडपेपर फिरवला आहे.

भोकांतून भुसा अजून पडत असेल तर मूर्ती प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दोन आठवडे उणे वीस अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, पूर्ण एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर लाकडावर दव धरतं. मात्र खरा जुना रंग असेल तर हे घरी करू नका, संग्रहालयाच्या जतन विभागातल्या कुणाला तरी दाखवा.

उत्सुक_वाचक

वाचतोय. हिंगुळ म्हणजे पारा ना? हाताला लागला तर?

पानसुपारी

हो, हिंगुळात पारा असतो. अख्ख्या रंगाला हात लावल्याने काही होत नाही, पण पडलेले पापुद्रे झाडूने उडवू नयेत. आणि केरिसच्या बाबतीत सोमलाचंही, म्हणजे आर्सेनिकच्या विषाचंही, बघावं लागतं. पात्याची नक्षी उठून दिसावी म्हणून लिंबाच्या रसात सोमल घालून धुतात. जुनं म्यान हाताळलं की हात साबणाने धुवावेत.

उबुदकर

सहा वर्षांपासून बालीत हॉटेल-व्यवसायात आहे. मराठीत तोगोग वाचून काय आनंद झाला सांगू!

इथे तुंपेक लांदेप नावाचा दिवस असतो. बालीचं पारंपरिक वर्ष २१० दिवसांचं, त्यात एकदा येतो. त्या दिवशी घरातले केरिस काढून त्यांची पूजा होते. आता त्यात मोटारी, स्कूटर, लॅपटॉपही आले. पहिल्या वर्षी आमच्या हॉटेलच्या सगळ्या गाड्यांना पानाफुलांचे हार घातलेले बघितले आणि थेट खंडेनवमी आठवली. आमच्या घरी त्या दिवशी बाबा हातोडी-करवतीला हळदकुंकू लावायचे.

हनुमानाच्या कमरेला काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र रंगवलंय का? त्याला पोलेंग म्हणतात. जावा-बालीच्या परंपरेत हनुमान आणि भीम, दोघेही वायुपुत्र म्हणून दोघांनाही तेच वस्त्र.

आता एक प्रश्न, राग मानू नका. बालीचा केरिस जावाच्या केरिसहून मोठा असतो, म्यानही जाड आणि लांब. हल्ली शोभेसाठी ज्या तोगोग करतात त्यांच्या मुठीतलं भोक ड्रिलने पाडलेलं, गोल आणि अरुंद असतं, त्यात बालीचं म्यान शिरतच नाही. तुमच्या हनुमानाच्या मुठीतल्या भोकाचं माप काय?

सातासमुद्रापार

@उबुदकर, राग कसला! पोलेंग आहे, पुसट झालंय पण आहे.

भोक मोजलं. लांबट आहे, पण रुंदी जेमतेम अडीच सेंटीमीटर. माझ्याकडचं जावाचं म्यान घालून बघितलं, अलगद उतरलं. बालीचं म्यान माझ्याकडे नाही, पण तुमच्या वर्णनावरून ते शिरणार नाही. खरं सांगायचं तर रात्रभर झोप लागली नाही. हा हनुमान मी सगळ्यांत आधी घेतलेला. ज्या म्हाताऱ्या बाईंनी दिला त्या म्हणाल्या होत्या की त्यांच्या सासऱ्यांचा केरिस यात असायचा.

कोकणी_रंधा

ताई, घाई करू नका. टॉर्च घेऊन भोकाच्या आत बघा. आतल्या अंगाला पटाशीचे घाव आहेत की ड्रिलचे गोल चरे? आणि आतलं लाकूड सगळीकडे एकाच रंगाचं आहे का?

शिसवी

वाट बघतेय.

घाटावरचा

थोडं अवांतर. सोलोजवळ लावू डोंगराच्या उतारावर चंडी सुकूह नावाचं पंधराव्या शतकातलं मंदिर आहे. तिथे लोहारशाळेचं एक शिल्प आहे. एका बाजूला भीम लोहार होऊन हत्यार घडवतोय, दुसऱ्या बाजूला अर्जुन भाता चालवतोय आणि मधे गणपती एक पाय उचलून नाचतोय. मी त्या शिल्पासमोर तासभर उभा होतो. भात्याचे उभे दोन नळ आहेत, अर्जुन दोन्ही हातांनी दट्टे वरखाली करतोय. भीमाच्या भोवती तयार झालेली हत्यारं मांडून ठेवली आहेत. तुमच्या ब्लावोंगवरचा गणपती वाचून ते आठवलं. केरिसच्या आसपास तो तिकडे फार जुन्या काळापासून वावरतो आहे.

सातासमुद्रापार

@घाटावरचा, सुकूहला दोनदा जायचं ठरवलं, दोन्ही वेळा पावसाने रस्ता बंद. तुमचा प्रतिसाद मी वहीत ब्लावोंगच्या पानावर उतरवून घेतला.

@कोकणी_रंधा, टॉर्च घेऊन बघितलं. लेक भिंग धरून होती. आत दोन रंग आहेत.

बाहेरची मूठ फणसाची, आतल्या सावलीत अजून पिवळसर. पण भोकाच्या आतून, दोन्ही लांब बाजूंना, करड्या-पांढऱ्या लाकडाच्या पातळ पट्ट्या बसवलेल्या आहेत. जाडी साधारण सहा-सात मिलिमीटर. वरच्या कडेला त्या इतक्या बेमालूम मिळवल्या आहेत की इतकी वर्षं रोज बघूनही माझ्या लक्षात आलं नाही. आणि पट्टी संपते त्याच्या खाली, जिथे मूळ फणसाचं लाकूड उघडं आहे, तिथे पटाशीचे घाव नाहीत, ड्रिलचे चरेही नाहीत. गुळगुळीत आहे. पाट्याची कड झिजते तसं.

कोकणी_रंधा

मग झालं तर. मूळ भोक चार सेंटीमीटरच्या आसपास रुंद होतं. त्यात मोठं म्यान वर्षानुवर्षं घातलं-काढलं गेलं, म्हणून आतून घासून गुळगुळीत झालं. पुढे कधीतरी लहान म्यान आलं, ते सैल पडायला लागलं, म्हणून कुणीतरी पट्ट्या भरल्या. आमच्याकडे खाटेच्या खुराची भोकं सैल झाली की असंच करतो. ज्याने भरल्या त्याचा हात चांगला होता, नाहीतर वरचा सांधा दिसला असता.

पट्ट्या काढू नका.

उबुदकर

माझी शंका मागे घेतो आणि खूप आनंदाने घेतो. इथे बालीत जावाहून आलेल्या सुना असतात, जावाला जाऊन आलेली मुलं असतात. घरात एखादा जावाचा केरिस येणं काही नवल नाही. त्या बाईंना विचारता येईल का, सासऱ्यांनंतर तो केरिस कुणाकडे गेला आणि त्याच्या जागी काय आलं?

सातासमुद्रापार

त्या बाई आता नाहीत. त्यांची नात बालीतच देनपसारला शाळेत शिकवते, तिचा नंबर माझ्याकडे आहे. काल रात्री तिला भोकाचे फोटो पाठवले. तिने पट्ट्यांवर गोल काढून परत पाठवले आणि लिहिलं की तिच्या आजोबांच्या भावाचं सुतारकामाचं दुकान होतं, आजीला बोलता येत होतं तेव्हा ती त्याच्या हाताबद्दल नेहमी सांगायची. नाव काय होतं ते आईला विचारून कळवते म्हणाली.

वहीत हनुमानाच्या पानावर मूळ माप, आताचं माप आणि पट्ट्यांची जाडी लिहिली आहे. त्याखाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.